डब्याएवढी

वेल्क्रोचा आवाज मी कधी मनावर घेतला नव्हता.
गंगावेशीत, सकाळी साडेसहाला,
कट्ट्यापाशी म्हैस धारेला उभी,
ग्लास धरून तालमीतला एक पोरगा,
कानामागं अजून लाल माती,
मिशीवर फेस यायच्या अगदी बेतात.
टर्रर्र.
म्हशीनं मान वळवली, पोरानं छाती काढली,
आणि फोटोत आला पोझ दिलेला पैलवान.
असे माझ्याकडे चारशे आहेत.

त्याच आठवड्यात बॅगेच्या शिवणीतून
पाण्यानं लेन्सपर्यंत वाट काढली.
काचेवर बुरशीचं जाळं, केसाएवढं.
दुरुस्तीवाला म्हणाला, पुसून देतो ताई,
पण ही बया परत येते.

राजारामपुरीत दुकानदारानं बॅगा उलगडल्या
लग्नाचा बस्ता असल्यासारख्या.
हिला अकरा कप्पे. हिच्यात लॅपटॉप मावतो.
हिच्या पोटातून रेनकोट निघतो, पिवळाधमक.
मी म्हटलं, एक कॅमेरा, एक लेन्स,
जादा बॅटरी, चहाचे सुट्टे पैसे.
"बाकीच्या लेन्सा?"
घरी.
"आणि लांबचं काही दिसलं तर?"
चालत जाईन.
नाहीतर लांबचं लांबच राहू दे.
पांढरा रस्सा नको म्हणणाऱ्याकडे
खानावळवाला बघतो, तसं बघितलं त्यानं.
बॅगेवर कंपनीचं नाव एवढं मोठं
की बिंदू चौकातून वाचता यावं,
आत साठ हजार आहेत म्हणून.

उद्यमनगरात इलाही शिकलगार गाड्यांच्या सीटा शिवतात.
"केवढी पायजे?"
मी पिशवीतला डबा काढून ठेवला,
दोन पुडांचा, बँकेत नेते तो.
"एवढी?"
एवढीच.
ट्रकच्या ताडपत्रीचा तुकडा घेतला त्यांनी,
कडेला अजून कुठल्यातरी गुळाचा वास,
आत मोडीतल्या स्कूटरचा फोम,
झाकण असं उतरतं की पाणी खांद्यावरून घसरावं.
वेल्क्रो नको. चेनही नको, तीही बोलते.
"मग मुकीच पायजे म्हणा की."
शोधून शोधून त्यांनी एका जुन्या चपलेचा
अंगठा उसवला, त्याच चामड्याचा फास केला,
आणि पितळेचा हूक,
जो लोण्यात गेल्यासारखा आत जातो.

मग मी घाबरून बघत असताना
नवी बॅग नळाखाली धरून काठोकाठ भरली
आणि टांगली खिळ्याला.
"आतलं भाईर येत न्हाई,
तर भाईरचं आत कशाला जातंय?"

दुसऱ्या दिवशी तळाच्या कोपऱ्यात
एक थेंब लोंबत होता, पडायचं ठरत नसल्यासारखा.
पंक्चरच्या सोल्युशननं त्यांनी शिवण बुजवली,
आणि तिथंच शेजारी, मला न विचारता,
सुईएवढं एक भोक पाडलं.
मी ओरडलेच.
"राहू दे," म्हणाले,
"पुराच्या साली दुकानात पाणी शिरलं.
शिरायचं कुणी थांबवलं न्हाई.
जायला वाट नव्हती, म्हणून सगळं कुजलं."
पैसे साडेतीनशे. खिळ्यावरचा ओघळ
भिंतीवर तसाच.

आता गंगावेशीत उभी आहे.
झिमझिम आठवडाभराची, कुणाच्या लक्षातही नाही.
बॅग कमरेशी, सोल्युशनचा वास येणारी.
हूक सुटतो, म्हैस रवंथ करतेय,
तिच्या पाठीवरून वाफ,
धार काढणाऱ्याच्या मनगटावर कुणाचं तरी गोंदलेलं नाव,
"सुमन", म चा कान्हा जास्त झालेला,
"सुमान".
हे आधी कधी दिसलं नव्हतं.
त्यानं मान वर केली, बॅगेकडे बघून म्हणाला,
"डबा आणलाय व्हय? किती घालू, अर्धा लिटर?"

मी झाकण उचलून दाखवलं.
कॅमेरा अजून आतच होता.