चार मीटरची चूक

पहाटे सव्वापाचला केंजळे फाटकाशी घंटी वाजवतात,
एकदाच, सोसायटीची झोप मोडणार नाही इतकी.
मी टायर चाचपते, फोन हँडलला बांधते.
आज अठरा अंश बावीस मिनिटं,
आणि पुढे दशांशाचे तीन आकडे,
ज्यांच्यासाठी बोपदेव घाट चढायचा.

केंजळे वीज मंडळातले. मीटर रीडर.
चौतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून
टॉर्चच्या उजेडात आकडे टिपले.
एका घरी मीटरवरच देव्हारा मांडलेला.
"म्हटलं, ताई, देवाला जरा सरकवा,"
हे ते दर वेळी याच चढावर सांगतात
आणि हसताना त्यांचा गिअर चुकतो.

कोंढवा संपता संपत नाही.
फलकावरच्या इमारतीपुढे एक निळं तळं आहे,
ते नकाशात नाही, जमिनीवरही नाही.
मग कुठल्यातरी वळणावर डिझेलचा वास मागे पडतो
आणि वाळत्या गवताचा येतो.

भिवरीत सायकली गिरणीशी लावल्या.
गिरणीवाला हात झटकत विचारतो,
"रिंगरोड नक्की कुठनं जाणार?"
आम्ही म्हणतो, आम्ही डबा शोधतोय.
"राहू द्या, नका सांगू."

पुढे पायी. अंजिराची बाग, ताल, पडीक माळ,
मोज्यांत कुसळं, कुसळांत मोजे.
दोनशे मीटर. ऐंशी. बारा.
चारवर आल्यावर बाण गरगरतो,
बसण्याआधी कुत्रं फिरतं तसा.
उपग्रहाला एवढंच दिसतं. इथून पुढे आपले हात.

केंजळे आधी काठी घालतात, मग कोपरापर्यंत हात.
प्रत्येक कपारीत. एक विंचू निघाला, त्याला जाऊ दिलं.
पाऊण तास. काही नाही.
मी चिडून शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, एकटीनं.

"डबा हुडकताय जनू?"
वरच्या कातळावर हौसाबाई, खाली तिच्या सात शेळ्या.
"त्यो हितं न्हाई आता. आखाडात पानी शिरत हुतं,
म्या उचलून वर ठिवला."

वर म्हणजे निवडुंगामागे,
सपाट दगडाखाली, वरून युरियाच्या पोत्याचा तुकडा.
डब्यात एक गोटी, किल्ली नसलेलं कुलूप,
कुणीतरी नागपूरहून आणलेला संत्र्याचा चुंबक,
आणि वही, कोरडी.

वहीत नावं मोजकी. शेवटचं गेल्या फेब्रुवारीतलं.
त्याखाली नुसत्या रेघा, उभ्या, पेन्सिलीच्या,
पानभर, मागच्या पानावरही.
"सोमवारी हिकडं आले की बघून जाते, हाय का न्हाई.
नाव काय येत न्हाई मला. रेघ मारते."

केंजळ्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
बोट लावून मोजल्या. पुन्हा मोजल्या.
मग वहीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं: एकोणचाळीस,
आणि तारीख, आणि सही,
जशी आयुष्यभर केली असेल.

नियम असा, की काही घेतलं तर काही ठेवायचं.
त्यांनी काही घेतलं नाही.
खिशातून शिशाचं जुनं सील काढलं, मीटरचं, तारेसकट,
आणि गोटीशेजारी ठेवलं.
हौसाबाईनं ते उचलून दातांनी चावून पाहिलं.
"ह्येचं काय करत्यात?"
"हे असलं की कुणी आत हात घालत नाही," केंजळे म्हणाले.
"आनि तुम्ही?"
याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. शेळ्या खाली उतरल्या होत्या.

उतारावर ब्रेक तापले. बोललो फारसं नाही.
कात्रजच्या बाजूला ढग होता, की धूर, ठरलं नाही.
"आकडा दुरुस्त करून टाकू ना?" मी विचारलं.
ते म्हणाले, "बघू," आणि बेल वाजवली,
रस्त्यावर कुणीच नसताना.

आज सोमवार. बँकेत, काउंटर तीनवर,
टाचेपाशी काहीतरी टोचतंय.
समोरचे आजोबा पासबुक धरून उभे आहेत.
म्हटलं, एक मिनिट हं.
कुसळ निघालं, अख्खं, शेपटीसकट.
पिनांच्या डबीत ठेवलं.
आत्ता ती वर गेली असेल.