लेव

सत्तेचाळीस नंबरच्या कोटाच्या खिशात
एक चिठ्ठी निघाली.
आण्णांनी ती पाण्यात जाऊ दिली नाही.
कापड धुवायला आलंय, खिसा न्हाई, म्हणायचे.
एस.टी.ची तिकिटं, सुट्टे पैसे, एकदा एक दाढ,
सगळं बिस्किटाच्या डब्यात, नंबर घालून.

सांगलीत, मारुती चौकाच्या मागं आमचं दुकान.
पुढं इस्त्री, मागं सोड्याचा वास आणि मी,
बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची.
"वाच गं मालन. डाक्टरचा कोट हाय,
औषधाचं असंल तर पोचवून येतो."

औषधाचं नव्हतं.
हिरव्या शाईत इंग्रजी दोन ओळी :
नदी रात्रभर दगडांना काहीतरी करत होती,
आणि ते काहीतरी मला येत नव्हतं.

कॉलेजातली जाड डिक्शनरी
दोन हातांनी उघडावी लागायची.
लेव्ह. धुणे. काव्यात.
पाण्याने हलके स्पर्शत राहणे, काठाला, पायांना.
जुन्या इंग्रजीत : ओतून धुणे.
त्याच्या मागे लॅटिन, लवारे.
मोठ्यानं वाचलं आणि ऐकू आलं, लवा रे,
पहाटे घाटावर कुणी
सगळ्या परटांना एकदम हाक द्यावी तसं.
आणि लेव्ह म्हणजे तर आईचं लेव,
सणाला पाटल्या पुढं करून म्हणायची ते.
कानाचा योगायोग. माहीत आहे मला.
परीक्षेत लिहिलं तर शून्य.

पण खरंच त्याच मुळावर, बारीक अक्षरांत,
लॉन्ड्री होती.
आमच्या पाटीवरची, 'न्यू प्रकाश'वाली,
दोन हजार वर्षं भिजत पडलेली.
शेजारी लॅव्हेटरी, स्टँडवरची, पिवळ्या बल्बची.
सख्ख्या बहिणी.
एक कवितेत पडली,
बाकीच्या कामाला लागल्या.

आण्णा बिब्ब्यात सुई बुडवून
कॉलरींना खुणा घालत होते.
"म्हंजे आपटायचं न्हाई?"
नाही.
"सोडा? पिळायचं?"
नाही. पाणी येतं, लागतं, जातं.
"आन् मळ?"
त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.
मी मनात आमचे शब्द मोजले,
चुबकणं, खंगाळणं, विसळणं, पाखाळणं,
एकेकात कुणाचा तरी खांदा दुखत होता.
"असंल," आण्णा म्हणाले.
"नदीला कुठं मजुरी द्याय लागती."

त्या ऑगस्टात कृष्णा दुकानात आली.
हळूच आली, हे खरं.
पायरी, उंबरा, इस्त्रीचं टेबल.
डेल्यूज म्हणतात. तोही याच भावकीतला,
मी नंतर पाहिलं.

नवव्या दिवशी गाळ उपसला.
बिस्किटाचा डबा गंजून फुगलेला,
चिठ्ठीवर एक हिरवट ओघळ,
अक्षर एक नाही.
कोट मात्र होता, कपाटामागं गोळा होऊन,
आणि चिखल खरवडला तर कॉलरच्या आत
बिब्ब्याचे सत्तेचाळीस
होते तसे.
न्यायला आजवर कुणी आलेलं नाही.

तरी आण्णांनी तो सात पाण्यांतून काढला,
तारेवर टाकला
आणि पायरीवर मटकन बसले.
हात कोपरापर्यंत गाळाचे,
बोटं बिब्ब्यानं जागोजाग उतलेली.

मी तांब्या घेतला.
टँकरचं पाणी, रांगेतून आणलेलं.
लवले.
चोळलं नाही काही,
नुसती धार धरली,
मनगटावरून, नखांवरून.

"अगं घास की जरा," आण्णा म्हणाले,
"असा कुठं मळ निघतोय व्हय?"

हात मात्र त्यांनी
मागं घेतले नाहीत.