फोनवरची प्रश्नावली

हो, मी वर्लीन टिल्घमनचा भाऊ.
ती नाही आता, म्हणून मला विचारताय. कळलं.
घ्या लिहून.

कामाची जागा: सॅलिसबरीच्या अलीकडचा कोंबड्यांचा कारखाना.
वर्षं एकोणीस. सगळी जिवंत पक्षी टांगायच्या खोलीत.
तिथे निळा दिवा असतो, पाखरं फडफडू नयेत म्हणून.
मिनिटाला पंचवीस.
पाय धरायचे, उलटं करायचं, आकड्यात अडकवायचं.

हातमोजे? द्यायचे. फाटायचे.
ओरखडे? अहो बाई, तिच्या मनगटांवर
कोंबड्यांनी बाराखडी गिरवली होती.
रक्त, पिसं, धूळ. नाकात? डोळ्यांत? हो, दोन्हीकडे.
गाठी आलेल्या कोंबड्या?
यायच्या. त्या बाजूच्या पिंपात.
पिंप तीच उचलायची.

पाखरांचा विषाणू माणसाच्या डोक्यात शिरतो का,
हे तुम्हालाच अजून ठाऊक नाही, म्हणता.
बरं झालं खरं बोललात.
कंपनीच्या डॉक्टरला लगेच ठाऊक होतं:
नाही.

पहिलं लक्षण?
रविवारी जेवताना तिला मीठ हवं होतं,
'किल्ली दे' म्हणाली.
आम्ही हसलो. तीही हसली.
हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं?

शेवटी शब्द सगळेच गेले.
हात तेवढे उरले,
चादरीवरून काहीतरी धरायचे, उलटं करायचे,
वर अडकवायचे.
मिनिटाला किती, ते मी मोजलं नाही.

अजून किती प्रश्न आहेत?
नाही, विचारा, घाई नाही.
माझी पाळी पहाटे चारला.
खोली तीच.