निळ्यातली आबोली

पहाटे आधी लीद, मग चहा.
माझ्या अंगाचा वास दिवाडीच्या फेरीबोटीवर
सगळ्यांना ठाऊक;
खलाशी हसून जरा सरकतो.

आबोलीच्या शेपटीचे गळलेले केस
बांधून मी कुंचले करते
आणि दुपारी ती उभ्याउभ्या पेंगताना
पांढऱ्या फरशीवर, निळ्या रंगात, तिलाच काढते.
कान जमत नाहीत.
स्थिर ठेवील तर ना!
नाल ठोकायला बेळगावाहून आलेला रझाक म्हणाला,
‘बाई, गाढव झकास आलंय.’

परवा तिनं ओला रंगच चाटला.
मानेपासून पाठीवर एक फराटा,
जिभेएवढा रुंद.
रात्रभर तिचे निळे ओठ तपासत जागले.
सकाळी फडकं उचललं,
ठेवलं.
फरशी तशीच भट्टीत घातली.

आता तबेल्याच्या दारावर ती बसवतेय,
आणि मागून कुणीतरी
माझ्या खिशातला गूळ हुंगतंय.