मीठफुटी

पिशवीवर मी लिहिते: गट नंबर, खोली, तारीख.
बाकीचं लिहायला पिशवीवर जागा नसते.

माघातली सकाळ. वारणाकाठचं खालचं शिवार.
अठरा एकर पांढरं पडलेलं,
लांबून वाटतं कुणी धोतरं वाळत घातलीत.
जवळ गेलं की बूट आधी करकरतो, मग रुततो.
वर पापुद्रा, आत चिखल.
वाळवंट म्हणजे पाणी नसणं,
असं लिहून मी शाळेत मार्क मिळवले होते.
इथं हातभर खणलं की पाणी,
आणि वेड्या बाभळीखेरीज काही जगत नाही.

मी खड्डा घेते. कडेचा काप काढते.
नेमगोंडा मगदूम त्यातली चिमूट उचलून
जिभेवर ठेवतात.
"तुझं मशीन काय सांगंल ते सांगू दे.
ही आमटीत घालायजोगी झालीया."
हसतात. थुंकत नाहीत,
एवढं माझ्या लक्षात राहतं.

नदीवरून पाइपलाइन आली, त्या साली
मोटारीला हार घातला होता म्हणे,
पहिल्या धारेत कुणीतरी पेढा सोडला.
मग ऊस. उसामागून ऊस.
"लाइट रातची. बटन दाबायचं आन् झोपायचं.
पाणी कुठवर गेलं बघाया कोण उठतंय?
आमी झोपलो. ते न्हाई झोपलं."

ते खाली खाली गेलं, मुरमाला टेकलं,
तिथलं जुनं मीठ पाठुंगळी घेऊन
उन्हाच्या हाकेसरशी वर आलं.
पाणी उडालं. मीठ कुठं उडतंय?
एकरी साठ टन, मग चाळीस, मग बारा,
मग तोडणीची टोळी बांधावरूनच माघारी फिरली.

उपाय आहे. माझ्या पिशवीत त्याचा नकाशाही आहे:
साडेचार फुटांवर भोकांचे पाइप, भोवती जाळी,
उतार धरून थेट ओढ्यापर्यंत.
कागदावर उताराला मालक नसतो.
रानात तो मगदुमांकडून चौगुल्यांकडे,
चौगुल्यांकडून राजमा मुल्लाच्या दीड एकरात उतरतो.
मगदूम-चौगुले अकरा वर्षं बोलत नाहीत, बांधापायी.
पाण्याला कुणी सांगितलं नव्हतं.
ते त्या भांडणाखालून रोज ये-जा करत होतं.

राजमा बैठकीला आली ती शेवटी, दारातच उभी राहिली.
"माझ्याकडं मोटार न्हवती कवाच.
जोंधळा, हुलगा, आभाळ देईल तेवढं.
तरी पयलं माझंच रान फुटलं.
आता म्हणतायसा, पाइप तुझ्यातनं न्यायचाय.
न्या की.
पर नुस्तं माझ्यातनं जाऊ नगा.
माझ्यातबी घाला."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग चौगुल्यांनी मगदुमांना विचारलं,
"पोकलेन कुणाचा सांगायचा?"

तीन वर्षं झाली.
धैंचा पेरला, फुलावर आला की गाडला, पुन्हा पेरला.
जिप्समच्या गोणी. उसाला ठिबक, तीही तक्रार करत करत.
राती उठून पाणी बंद करायला
मगदुमांची सून मोबाइलवर गजर लावते.
ओढ्याच्या काठाला पाइपाचं तोंड, अंगठ्याएवढी धार.
बाटली भरते, मोजते. अजून खारटच.
ती ओढ्यात जाते, ओढा वारणेत,
आणि खालच्या गावांचं काय, हा रकाना
माझ्या फॉर्ममध्ये नाही.

राजमाच्या वरच्या अंगाला शाळू कमरेला लागलाय.
खालच्या कोपऱ्यात, म्हशीच्या पाठीएवढा तुकडा
अजून पांढरा.
नेमगोंडा सवयीनं चिमूट उचलतात.
"माती काय खातायसा," राजमा म्हणते,
"हुरड्याला या."

मी दोन्हीकडचे नमुने घेते,
हिरव्यातला आणि पांढऱ्यातला.
पिशवीवर लिहिते: गट नंबर, खोली, तारीख.
"माझं नावबी घाल की गं."
घालते.
कडेला, आडवं मावतं.