हवा घेती

मांजरसुंब्याच्या घाटात, तिसऱ्या वळणावर
सोळा-तेरा पुन्हा बंद पडली
तेव्हा मुंजाजीनं मागच्या चाकाला दगड लावला
आणि फोन केला :
मिस्त्री, हवा घेती.

रात्रीचे पावणेदोन. पाठीवर जालन्याची सळई.
मी पान्यांची पिशवी मोटारसायकलला अडकवली.

बीडात फिल्टर बदलला होता म्हणे.
गेवराईत नोझल.
जालन्यात तर पंपच उतरवला, कॅलिब्रेशन,
साडेचौदा हजार.
मालक म्हणाला, गाडीत काही नाही, डायव्हरातच खोट.
सपाटीला पळते चांगली,
चढ लागला की उचक्या, पांढरा धूर,
मग नुसतं रातकिड्यांचं राज्य
आणि ब्रेकच्या हवेचा काटा
सावकाश खाली येत राहतो.
जुन्या गाडीचं असंच.
हवा पाहिजे तिथं टिकत नाही,
नको तिथं शिरती.

हातपंप मारला. स्क्रू ढिला केला.
डिझेल आलं ते फेसाळत,
ताकासारखं.

लतीफ उस्ताद सांगायचा
(मला नावानं नाही, 'ए बारा-तेरा' म्हणून हाक मारायचा)
टपकतं ते कुणालाही दिसतं रे.
ओढणाऱ्या बाजूची चीर एक थेंब सांडत नाही.
ती फक्त आत घेती.

बॅटरी दातात धरून
टाकीपासून नळी बोटानं चाचपत निघालो.
चेसिसच्या आतल्या अंगाला,
जिथं कुणी हात घालत नाही,
जोडाला क्लिप नव्हती.
तार होती.
दहा-बारा वर्षांच्या चिखलाखाली
नीट तीन वेढे, टोक आत दुमडलेलं,
खालून जाणाऱ्याला ओरखडा नको म्हणून.

सोडवायला गेलो
तर पीळ आणखी घट्ट झाला.

पक्कड तशीच राहिली हातात.
उस्ताद डावरा होता.
सगळे मिस्त्री पिळतात त्याच्या उलट पिळायचा
आणि आम्ही पोरं त्याची तार सोडवताना
दर वेळी फसायचो, तो हसायचा,
विडी खाली पडेपर्यंत.

मुंजाजी वरून विचारतोय, सापडलं का?
म्हटलं, थांब.

असाच कुठला तरी डायव्हर, अशीच रात्र,
उस्तादानं सांगितलं असणार त्याला :
सोलापूरपर्यंत जा,
तिथं क्लिप टाकून घे.
गाडी तीनदा विकली गेली.
दोनदा रंग बदलला. बोनेटवरचं देवाचं नाव बदललं.
सोलापूर काही आलं नाही.

मग उलटा हात फिरवला.
सुटली.

नळीचं रबर लाकूड झालेलं.
वाकवली तर भेग उघडली,
सोडली तर मिटली. केसाएवढी.
तोंड लावून ओढून पाहिली,
जिभेवर गार वारा आला.

हातभर नवी नळी, दोन क्लिपा.
हवा काढली. सेल्फ मारला.
दुसऱ्या दमात इंजिन लागलं
आणि सगळा घाट हादरल्यासारखा वाटला मला.

किती झाले?
सातशे.
एवढ्याशा नळीचे?
साडेचौदा हजारांची गोष्ट ओठावर आली होती, गिळली.
सहाशे दिले त्यानं,
वर गंगाखेडच्या भाजक्या शेंगांची पुडी.

लाल दिवे वर गेले.
मी मोटारसायकल चालू न करता
ऐकत उभा राहिलो :
दुसरा गेअर. दुसराच. अजून दुसराच.
शेवटच्या वळणाला मीच श्वास धरला.
तिसरा पडला.

तार खिशात आली होती तशीच.
सकाळी वायसरांच्या डब्यात टाकली.

दुपारी एक ट्रॅक्टरवाला आला,
सायलेन्सर लोंबत होता, घाई होती.
हात डब्यात गेला. तीच निघाली.
दोन घडी धरून बसलो.
मग पिळली,
त्याला म्हटलं, माजलगावपर्यंत जा,
तिथं क्लिप टाकून घे.