एक जून

शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर
संजय गांधी शाखेच्या बारा फायली होत्या.
अकरा सरळ:
दोन मयत, एक पुनर्विवाह,
एक मुंबईला लेकाकडे, पत्ता नाही,
आणि सात जणांनी हयातीचा दाखला दिलेला नाही.
(हयात आहेत. चौघांना मी मालवणच्या बाजारात बघतो,
एकीने परवाच मला कोलंबी महाग लावली.)

बारावी चंद्रावती तारी, राहणार दांडी.
नवरा होडीसकट गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा.
नियम मी झोपेत म्हणू शकतो:
मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत
अथवा नोकरीस लागेपर्यंत,
यांपैकी जे अगोदर घडेल ते.
शाळेच्या दाखल्यावर लवूची जन्मतारीख
एक जून.
म्हणजे उद्या.

ती खिडकीशी उभी होती, पाटी बाहेर पायरीवर ठेवून.
"सायबानू, लवू नारळी पुनवेचो.
थंय नारळ दर्यात पडलो, हंय हो भायर इलो.
शाळेत घेवचो म्हणान
मास्तरान वरीसभर वाढवल्यान."

मला मास्तर माहीत होते.
वर्गात बेचाळीस पोरं, एकतीस जणांचा वाढदिवस एकच,
त्यात मीही. आई सांगायची मी थंडीतला,
शेकोटीपाशी झालेला.
पण कागद जूनचा, म्हणून मी आज निवृत्त,
एकतीस मे, कार्यालयीन वेळेनंतर.
तिचं उद्या बंद होतं
आणि माझं उद्या सुरू.
हे मी तिला सांगितलं नाही.

सांगितलं ते वेगळंच. म्हटलं, मुलगा कमावतो ना?
"कमवता मां. ट्रॉलरार.
उद्यापासून दर्या बंद."

खरंच की. एकसष्ट दिवस.
तो आदेश मत्स्य खात्याचा, आमच्याकडे
माहितीस्तव येतो, आणि मी तो
पंख्याखाली उडू नये म्हणून
ज्याच्याखाली ठेवला होता
तो तिच्याच फायलींचा गठ्ठा.
कागदावर लवू कर्ता होणार त्याच सकाळी
मालक त्याच्या हातावर हिशेब टेकवणार
आणि म्हणणार, आता ऑगस्टात ये.

गृहभेटीच्या अहवालात तलाठ्याने लिहिलंय: फ्रीज, एक.
तो फ्रीज मी पाहिलाय. सुकट घ्यायला गेलो होतो.
त्याला वायर नाही.
आत सुके बांगडे, रेशनकार्ड
आणि नवऱ्याचा फोटो,
मांजरापासून.
एवढं लिहायला रकान्यात जागा नसते,
जागा असती तरी तलाठ्याला अजून सहा घरं होती.

माझ्याकडे एक शिक्का आहे. होता.
अपात्र.
अठरा वर्षं वापरून त्याचा अ झिजलाय,
कितीही दाबा, नुसतं पात्र उमटतं.
नवीन मागवला, मंजुरी आली नाही,
तेव्हापासून अ मी पेनाने काढतो.
दर वेळी. हाताला सवय आहे,
टोपण न काढताही काढायला लागेल असा.

बाराव्या फायलीवर शिक्का मारला.
पात्र.
शाई ओली होती. वर पंखा.
पलीकडे हॉलमध्ये खुर्च्या ओढल्याचे आवाज,
कुणीतरी माईकवर हॅलो हॅलो करत होतं,
नाईक आत येऊन म्हणाला, चला, साहेब थांबलेत.
मला ठाऊक आहे, संगणकाला तारीख आधीच कळलीय,
माझ्या अ वाचून त्याचं काही अडत नाही.
तरी मी काढला.
जरा वाकडा आला.

चंद्रावती गेली होती तोवर. पायरीवर
पाटीखालचा ओला गोल तेवढा होता.

शाल कपाटात आहे.
श्रीफळ स्वयंपाकघरात, मडक्याशेजारी.
बायको दोनदा म्हणाली, फोडू का, कुजेल.
म्हटलं, राहू दे.
पुनवेला अजून
बघतो किती दिवस आहेत ते.